लहान मुलाची प्रार्थना

"तुमच्या ख्रिस्ती घरात मुलाला प्रार्थना शिकवितात म्हणजे काय करतात?" असे वर्गमित्र विचारतात.

आमच्यासारख्या प्रोटेस्टंट घरात मूल बोलू लागले की प्रथम 'आमेन' शिकते. शब्द मूळचा हिब्रू. अर्थ, 'तसे होवो'. जेवणापूर्वी आई प्रार्थना करते, मूल हात जोडून शेवटी तेवढेच म्हणते. (एक डोळा ताटावर असतोच!) मग रात्री स्वतःची दोन-तीन वाक्ये: आभार, चुकीची क्षमा, कुणासाठी तरी मागणे. प्रभूने शिष्यांना शिकविलेली, मत्तयाच्या ६ व्या अध्यायातील प्रार्थना ऐकून ऐकून नंतर पाठ होते. तिची घाई करू नये, असे माझे मत आहे.

माझ्या धाकट्या भावाने पाचव्या वर्षी विचारले, "बाबांना अहो म्हणतो, मग देवबापाला तू का?" प्रश्न रास्त होता. पण मराठी माणूस विठोबालाही 'तू'च म्हणतो, आणि रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१–१९१९) तर ख्रिस्ताला माउली मानीत. आईने टिळक वाचलेले नाहीत. ती म्हणाली, "मला अगं म्हणतोस ना? तसंच."

खरी अडचण पुढेच आली. आजीचा खोकला बरा कर, असे तो रोज मागे. आजी गेली. त्या रात्री त्याने हात जोडले नाहीत. मी "देवाची इच्छा" वगैरे सांगू लागलो, तेव्हा आईने मला गप्प केले. ती त्याच्याशेजारी बसली, आपली प्रार्थना मोठ्याने, रडतरडत केली. त्याला काही म्हणायला लावले नाही. आठ-दहा दिवसांनी तो पुन्हा 'आमेन' म्हणाला. नंतर कितीतरी दिवस तेवढेच म्हणे.