पावसाळी शूटसाठी कॅमेऱ्याची बॅग घेताय?

प्री-वेडिंगच्या ऑर्डरी घ्यायला लागलात, की बॅगेवरचं 'वॉटर रेझिस्टंट' वाचून लगेच पैसे देऊ नका. ती शिंतोडे झेलेल, माळशेज घाटातला पाऊस नाही. एक लेन्स भिजली तर सीझनची कमाई दुरुस्तीत जाते! कोटिंगच्या कापडापेक्षा पाणी शिरतं चेनमधून आणि शिलाईतून, म्हणून आतून शिलाईवर टेप आहे का बघा. रेनकव्हर घ्याच, पण पाठीकडची बाजू उघडी राहते. बाईकवर फिरणार असाल तर तोंड गुंडाळून बंद होणारी रोल-टॉप बॅग बरी. घाईत लेन्स काढताना मात्र वैताग येतो. पहिल्या शूटआधी आत वर्तमानपत्र भरून 10 मिनिटं शॉवरखाली धरा, गळती कुठे ते कळेल. आणि घरी आल्यावर कॅमेरा बॅगेतच ठेवू नका. अशा बॅगेत ओल कोंडते, लेन्सला बुरशी लागते.