बागेतून रानात उतरलेली घाणेरी

घाणेरीचा गुच्छ जवळून पाहावा. मधली फुले पिवळी, कडेची गुलाबी. ताजे फूल पिवळे असते आणि मध त्यातच मिळतो. पुढच्या एक-दोन दिवसांत त्याचा रंग पालटतो. फ्रिट्झ म्युलर या निसर्गअभ्यासकाने ब्राझीलमध्ये हे टिपले आणि १८७७ साली ‘नेचर’ला कळवले. फुलपाखरे बहुतेक पिवळ्याच फुलांवर उतरतात, हेही त्याने पाहिले होते. शिळी फुले मात्र लगेच गळत नाहीत, त्यामुळे गुच्छ लांबूनही भरगच्च दिसतो.

माणसालाही त्याची भुरळ पडली. अमेरिका खंडाच्या उष्ण भागातले हे झुडूप सतराव्या शतकात डचांनी युरोपात नेले. तिथल्या माळ्यांनी संकर करून नवनवे रंग काढले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात पोहोचले. म्हणजे आपल्या रानात माजलेली घाणेरी, म्हणजेच टणटणी, ही मूळची रानटी नव्हे. बागेनेच तिला घडवले. सतत फुलणे, रेताड जमिनीतही तगणे, छाटली की दुप्पट फुटणे हे गुण बागेत हवेहवेसे होते. रानात त्यांनीच घात केला.

काळी पिकली फळे बुलबुल आवडीने खातात आणि बिया दूरवर टाकतात. गुरे पाल्याला सहसा तोंड लावत नाहीत. चाऱ्याच्या टंचाईत खाल्लाच, तर त्यातले लँटाडीन हे विष यकृत बिघडवते आणि जनावराची कातडी उन्हाने सोलून निघते. खाली गवत उरत नाही, मग हरणांनी चरायचे कुठे? भारतातली सुमारे तीन लाख चौरस किलोमीटर वनभूमी घाणेरीच्या तावडीत सापडू शकते, असा अंदाज २०२०च्या एका अभ्यासात मांडला गेला.

१९४१ साली तिच्यावर सोडायला ऑस्ट्रेलियातून एक कीटक आणला गेला, पण ती पुरून उरली. जाळली तरी बुंध्यातून पुन्हा फुटते. दिल्ली विद्यापीठातले सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचवलेली रीत साधी आहे: जमिनीखाली चार-पाच सेंटिमीटरवर मूळ तोडायचे आणि झुडूप उलटे करून ठेवायचे. कॉर्बेटच्या जंगलात ती वापरली गेली. मात्र मोकळ्या जागेत लगेच गवत लावले नाही आणि बुलबुलांनी टाकलेली रोपे पुढची काही वर्षे उपटली नाहीत, तर ही सारी मेहनत वाया जाते.

नर्सरीत आजही घाणेरी ‘लँटाना’ या नावाने सर्रास विकली जाते. फ्लोरिडा विद्यापीठाने जवळपास वांझ असे वाण तयार केले आहेत. आपल्याकडेही रोपवाटिकांनी तसेच वाण ठेवायला हवेत. तोवर ज्या रोपावर हिरव्या फळांचे घोस दिसतील, ते घरी आणू नये.