घरकाम आणि घरचे मुलगे

मुलांस घरकामाला लावावे की नाही, असा प्रश्न जेव्हा विचारला जातो तेव्हा विचारणाराच्या मनात बहुधा मुलगे असतात. मुलींविषयी तो कोणी विचारीत नाही. त्याचे उत्तर चुलीपाशी केव्हाच देऊन झालेले असते. पंचवटीतील वाड्यात काय किंवा निफाडच्या मळ्यात काय, धाकटी बहीण ताटे घेते, पाणी ठेवते, आणि थोरले चिरंजीव आयत्या ताटावर येऊन बसतात. सुधारणेवर व्याख्याने झोडणाऱ्यांच्या घरीही हा देखावा दुर्मिळ नाही.

हा आमचा केवळ तर्क आहे असे कोणी समजू नये. केंद्र सरकारने २०१९ साली देशभर लोकांच्या वेळेची मोजदाद केली. तीत सहा वर्षे व त्यावरील स्त्रीवर्गापैकी शेकडा ८१ जणी दिवसाकाठी बिनमोबदल्याचे घरकाम करताना आढळल्या, पुरुषवर्गापैकी शेकडा २६. जे करितात त्यांचाच वेळ धरला तरी बायकांची रोजची सरासरी २९९ मिनिटे, पुरुषांची ९७! मोजणी सहाव्या वर्षापासून धरली होती, हे आईबापांनी ध्यानात घ्यावे.

नाशिककरांस तर या बाबतीत दूर पाहावयास नको. साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली ती १९३३ च्या फेब्रुवारीत, येथल्याच तुरुंगात. तिच्यातील पहिल्याच रात्रीच्या कथेत आजारी आई आपल्याऐवजी श्यामला वडाला प्रदक्षिणा घालावयास पाठविते, आणि बायकांचे काम केले म्हणून लोक हसतील या भयाने तो आढेवेढे घेतो. ती लाज आई खपवून घेत नाही. महाराष्ट्राने या पुस्तकावर अश्रू ढाळले. श्यामची लाज मात्र घरोघर जपून ठेविली.

कोणी म्हणेल, मुलांचा अभ्यास बुडेल. मग मुलीचा बुडत नाही काय? स्वतःचे ताट घासणे, अंथरूण उचलणे, गहू निवडणे यांत अर्धा तास जाईल; तेवढ्याने परीक्षा हातची जात असेल तर दोष अन्यत्र शोधावा. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. कामाच्या नावाखाली मुलांची पिळवणूक आपल्या देशात पुष्कळ झाली आहे. चौदा वर्षांखालील मुलांस घरगडी म्हणून ठेवण्यास २००६ साली बंदी झाली. तोवर कित्येक सुखवस्तू घरांतील भांडी परक्याच्या लेकराने घासावी आणि घरच्या लेकराने पुस्तक उघडावे, असा उघड व्यवहार चाले. २०१६ च्या दुरुस्तीने तर चौदा वर्षांखालील मुलांस सर्वच धंद्यांत मज्जाव केला, परंतु शाळा सुटल्यावर व सुटीत कुटुंबाला हातभार लावण्याची, काम धोक्याचे नसल्यास, मुभा ठेविली. ही मुभा म्हणजे शाळा बुडवून पोरांस द्राक्षतोडणीला जुंपण्याचा परवाना नव्हे, हे बागाईतदारांस बजावून सांगणे आम्हांस अवश्य वाटते.

तेव्हा काम थोडे असावे, वयाला झेपेल असे असावे, आणि मुख्य म्हणजे मुलगा-मुलगी असा भेद न करता पाळीपाळीने असावे. आज भाऊ केर काढील तर बहीण बाजारातून भाजी आणील, उद्या उलट. घरच्या यजमानांनीही आपली पाळी चुकवू नये, कारण बाप वर्तमानपत्र वाचीत बसला तर मुलगा ती पळवाट तत्काळ शिकतो. आरंभी एखाददुसरी कपबशी फुटेल. ती मुलाच्या हातून फुटली म्हणून झाडू पुन्हा बहिणीच्या हाती देऊ नये.