मनगटातली थरथर

डायलिसिसवर असलेल्या माणसाच्या हातावर, फिस्टुला केलेल्या जागी अलगद बोटं टेकवली की आत सतत काहीतरी थरथरत असल्याचं जाणवतं. रुग्ण सकाळी उठल्यावर आधी तीच चाचपून बघतात. ही थरथर हाताला लागायला १९४३ ते १९६६ अशी तेवीस वर्षं लागली.

मुठीएवढी दोन मूत्रपिंडं. प्रत्येकात साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या. दिवसभरात त्या सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात आणि त्यातला जवळजवळ सगळा परत घेतात. उरलेला लिटर-दीड लिटर युरिया आणि जादा क्षार घेऊन मूत्राशयात उतरतो. गाळण्यापेक्षा ते परत घेणं मला अधिक थक्क करतं.

नेदरलँड्समधले तरुण डॉक्टर विलेम कोल्फ यांच्यासमोर बाविशीतला एक मुलगा मूत्रपिंडं निकामी होऊन गेला. रोज थोडा युरिया काढता आला असता तर? हा प्रश्न त्यांना सोडेना. देश जर्मनांच्या ताब्यात, साहित्याची टंचाई. कांपेनच्या रुग्णालयात त्यांनी लाकडी पिंपाला सॉसेजच्या वेष्टनाची सेलोफेन नळी गुंडाळली आणि पिंप क्षारमिश्रित पाण्याच्या टबात फिरवलं. नळीत रक्त, बाहेर पाणी. युरिया पाझरून पाण्यात जाई. हेच डायलिसिस. १९४३पासून पंधराएक रुग्णांवर उपचार झाले, जवळजवळ सगळे दगावले. तरी कोल्फ थांबले नाहीत. सप्टेंबर १९४५मध्ये ६७ वर्षांची सोफिया शाफस्टाट बेशुद्धीतून शुद्धीवर आली आणि पुढे काही वर्षं जगली.

रक्त शुद्ध होतं हे ठरलं. अडत होतं ते रक्त बाहेर काढण्यापाशी. दर खेपेला नवी रक्तवाहिनी उघडावी लागे आणि वाहिन्या लवकरच संपत. म्हणून मूत्रपिंडं कायमची गेलेल्याला यंत्राचा उपयोग नव्हता. १९६०मध्ये सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिबनर यांनी धमनी आणि शीर टेफ्लॉनच्या नळीने हाताबाहेरच जोडून ठेवली. त्यांचे पहिले रुग्ण क्लाइड शील्ड्स त्यानंतर अकरा वर्षं जगले. पण बाहेरची नळी गुठळी आणि जंतुसंसर्गाचं घर.

१९६६मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रेशिया, चिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नळीच काढून टाकली. मनगटाजवळची धमनी त्यांनी कातडीखालीच शिरेला जोडली. हाच तो फिस्टुला. धमनीच्या जोराने शीर फुगते, जाड होते, पुन्हापुन्हा सुया सोसते. आजही जगभर डॉक्टर शक्यतो हीच वाट निवडतात. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास तिथे सुया टोचल्या जातात. बाकीचा वेळ त्या हातावर रक्तदाब मोजायचा नाही, जड पिशवी अडकवायची नाही, झोपेत तो अंगाखाली येऊ द्यायचा नाही.