तो मान मागे का टाकतो?

मिरजेत माझ्याकडे येणारी मुलं बहुतेक जत, कवठेमहांकाळ, तासगाव नाहीतर सीमेपलीकडच्या अथणी भागातली. सेरेब्रल पाल्सीची. आयांच्या तोंडी आता 'सीपी' हा शब्द रुळलाय आणि त्याच्या पाठोपाठ ठरलेलं वाक्य येतं, "जन्मल्यावर रडलंच नाही." मी फिजिओथेरपिस्ट. हात, पाय, कंबर, मान हा माझा प्रांत. तरी नव्या मुलाची माहिती लिहून घेताना पाय किती ताठ आहेत याच्या आधी मी विचारते, रात्री कसा झोपतो?

"रातभर घोरतंय की. लई गाढ झोप हाय त्याची." उत्तर बहुधा असं कौतुकाचं असतं. आजीला तर त्यात नातवाची प्रकृती सुधारल्याची खूण दिसते. सर्दी नसतानाही मूल आठवड्यातल्या बहुतेक रात्री घोरत असेल, तर ते गाढ झोपलंय असं धरून चालू नये. हे कुठल्याही मुलाला लागू आहे. सीपीच्या मुलाला जास्तच.

सीपी हा वाढत्या मेंदूला झालेल्या इजेचा परिणाम. हजार जन्मांमागे साधारण दोन ते तीन मुलांना होतो. आपल्याला दिसतात ते ताठरलेले पाय, वळलेली बोटं. पण स्नायू काही फक्त हातापायांना नसतात. जिभेला असतात, घशाला असतात, बरगड्यांच्या मधेही असतात. जागेपणी हे स्नायू घसा उघडा धरून ठेवतात. झोप लागली की ते सैलावतात, आणि स्वप्नं पडतात त्या टप्प्यात सर्वांत जास्त. आपला घसा तेवढं सोसतो. सीपीच्या मुलाची जीभ मागे पडते, खालचा जबडा पुष्कळदा लहान असतो, लाळ गिळता येत नाही म्हणून ती घशाशीच साचते. त्यात टॉन्सिल आणि नाकामागचे अ‍ॅडिनॉइड वाढलेले असले तर बघायलाच नको. भिजलेल्या कागदी नळीने शहाळं ओढून बघा. जितका जोर लावाल तितकी ती आतल्या आत चिकटते. घशाचंही तेच होतं. काही मुलांत घसा मोकळा असतो, पण मेंदूकडून श्वासाचा आदेशच मधूनमधून येत नाही; तो प्रकार वेगळा आणि त्याचे उपचारही वेगळे.

जतकडच्या एका सात वर्षांच्या मुलाची आई मानेचे व्यायाम मागायला आली होती. "झोपेत मान पार मागं टाकतोय, पाठीची कमान करतोय. सरळ केली तर रडतोय." सगळ्यांनी तिला सांगितलं होतं की हा ताठरपणा आहे, सीपीत असतोच. मी तिला व्हिडिओ करायला सांगितला. पंखा बंद, अंगातला सदरा वर सरकवलेला, म्हणजे छाती आणि पोट दोन्ही दिसतील. निदान दोन मिनिटं, आणि शक्यतो पहाटेचा, कारण स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढते.

तिने केलेला व्हिडिओ मी पालकांना तोंडी सांगते, कारण कशाकडे बघायचं ते त्यातून कळतं. उजेड मोरीतल्या दिव्याचा. पोट वर येतं आणि नेमकी त्याच वेळी छाती आत ओढली जाते. गळ्याखालच्या खळगीत खड्डा पडतो. घोरण्याचे चार-पाच आवाज. मग आवाज थांबतो. घरच्यांना वाटावं, चला, शांत झोपला. पोट मात्र धडपडतच असतं. हवा आत जात नाही. लांब कुठेतरी कुत्रं भुंकतं, तेवढंच ऐकू येतं. मग अंग ताठतं, मान मागे जाते, एक घुसमटलेला आवाज येतो आणि श्वास सुटतो. आईचा हात येतो आणि कपाळावरचा घाम पुसून जातो. दोन मिनिटांत हे पुन्हा होतं.

मान मागे टाकली की घशातली वाट थोडी रुंदावते. ते मूल ताठरपणाने कमान करत नव्हतं, श्वास घेत होतं. अशा वेळी डोक्याखाली जाड उशी देऊन मान पुढे आणणं म्हणजे त्याने स्वतः शोधलेली वाट बुजवणं. घोरणारं प्रत्येक मूल मान याच कारणासाठी टाकतं असं नाही. जठरातलं आम्ल वर येण्यानेही पाठीची कमान होते, आणि झोपेतली आकडीही कधी अशीच दिसते. म्हणूनच व्हिडिओ हवा.

मला राग येतो तो 'सीपीत असतंच' या वाक्याचा. दिवसभर चिडचिड, सकाळी डोकं धरून रडणं, शाळेत पेंगणं, वजन न वाढणं, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, आकड्या वाढणं, या सगळ्याला ते एकच उत्तर. डब्लिनमध्ये सीपीच्या १७३ मुलांची पाहणी झाली होती, ती २००६ साली प्रसिद्ध झाली. त्यात जवळजवळ चौथा हिस्सा मुलांची झोप बिघडलेली निघाली, आणि श्वासाचा अडथळा हे त्यातलं एक ठळक कारण होतं. मेंदूची इजा भरून काढणं कुणाच्या हातात नाही. टॉन्सिलचं काय ते मात्र बघता येतं.

करोनानंतर घरोघरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलंय. सकाळी जाग्या मुलाच्या बोटाला लावून "अठ्ठ्याण्णव आहे, मॅडम" असं सांगणारे वडील भेटतात. जागेपणीचा आकडा रात्रीचं काही सांगत नाही. खरी तपासणी म्हणजे रात्रभराची स्लीप स्टडी: डोक्याला तारा, नाकाशी नळी, छाती-पोटाला पट्टे. निकष लहान मुलांचे वेगळे असतात हेही विचारून घ्यावं. मोठ्या माणसात तासाला पाचपर्यंत अडथळे चालवून घेतात. मुलात एकाहून जास्त झाले तरी ते नॉर्मल धरत नाहीत. आमच्याकडून त्यासाठी बहुधा पुणं गाठावं लागतं. तोवर बालरोगतज्ज्ञ आणि कान-नाक-घशाचे डॉक्टर या दोघांना तो व्हिडिओ दाखवता येतो. खासगीत परवडत नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्यातल्या जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रातून पुढची चिठ्ठी मिळते. नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' विम्यात सीपीच्या मुलाला वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण आहे. कशाला किती मिळतं ते आधी विचारावं.

उपाय साधे आहेत तिथपासून सुरू करतात. कुशीवर झोपवणं, पाठीशी गोधडीची वळकटी, नाकात स्टिरॉइडचा फवारा, लाळेवर औषध. आकडीची किंवा ताठरपणाची काही औषधं, विशेषतः डायझेपाम-क्लोनाझेपामच्या घराण्यातली, घसा सैल करतात आणि लाळही वाढवतात. ती स्वतःच्या मनाने बंद करायची नाहीत, पण घोरणं केव्हापासून वाढलं ते डॉक्टरांना तारखेनिशी सांगायचं. टॉन्सिल-अ‍ॅडिनॉइड काढून पुष्कळ मुलांना आराम पडतो. सीपीत तो काही वेळा अर्धाच पडतो, म्हणून ऑपरेशननंतरही घोरण्यावर लक्ष ठेवावं लागतं.

मग येतं मास्कचं यंत्र. हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवायची ही युक्ती सिडनीच्या कॉलिन सुलिव्हान यांनी १९८१ साली मांडली. जतच्या त्या मुलाने मास्क आधी दोन्ही हातांनी उडवला. जो हात व्यायामात वर जात नव्हता तोही गेला, हे आईने मला हसत सांगितलं. तिने मग मास्क दिवसा बाहुलीला लावला, स्वतःला लावला, टीव्ही बघताना त्याच्या नाकाशी नुसता धरला. टॉन्सिल आधीच काढून झाले होते. महिन्याभराने तो मास्क लावून झोपायला लागला. माझ्या व्यायामाला आता तो जागा असतो. पाय तितकेच ताठ आहेत, पण सांगितलेलं करून बघतो.

एक गोष्ट राहिली, आणि ती माझ्याच धंद्यातली आहे. या मुलांची टाचेची, मांडीची शीर लांबवायची ऑपरेशनं होतात, दातांचीही होतात, आणि ती बहुतेक पूर्ण भूल देऊन. घोरणाऱ्या मुलाचा घसा भुलीत आणि भुलीनंतरच्या रात्रीत जास्त मिटतो. काहींना त्या रात्री अतिदक्षता विभागात ठेवावं लागतं. पालक पायाच्या ऑपरेशनला आलेले असतात, घोरण्याचा विषय काढायचं त्यांच्या डोक्यातही येत नाही. भूलतज्ज्ञांनी नाही विचारलं तरी आपण सांगायचं, आणि मोबाइलमधला व्हिडिओ उघडून त्यांच्या हातात द्यायचा.