कुलगुरूपदाची वाट मध्येच का अडते?

छत्तीसगडच्या दुर्ग शहरातल्या मुलींच्या शासकीय महाविद्यालयाला डॉ. वामन वासुदेव पाटणकर यांचे नाव आहे, तर तिथल्या सायन्स कॉलेजला विश्वनाथ यादव तामस्कर यांचे.  रायपूरमध्ये नागपुरात जन्मलेल्या डॉ. राधाबाईंच्या नावाने कन्या महाविद्यालय चालते. नागपूरकर भोसल्यांचा अंमल असल्यापासून छत्तीसगडमध्ये रुजलेल्या मराठी माणसांनी इथल्या शिक्षणाला काय दिले, त्याच्या खुणा या नावांत दिसतात. या महाविद्यालयांतून पिढ्यान्‌पिढ्या मुली शिकून बाहेर पडल्या आणि त्यांतल्या कितीतरी पुढे प्राध्यापिका झाल्या. मग विद्यापीठाच्या सर्वोच्च खुर्चीपर्यंत पोहोचणाऱ्या स्त्रिया अजूनही बोटांवर मोजण्याइतक्याच का?

त्या पोहोचतात, याचे दाखले याच परिसरात आहेत. भिलाईच्या वैशाली नगरातले शासकीय इंदिरा गांधी महाविद्यालय ज्या हेमचंद यादव विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येते, त्याचे कुलगुरूपद २०१९ पासून पाच वर्षे डॉ. अरुणा पलटा यांच्याकडे होते. बिलासपूरच्या गुरू घासीदास केंद्रीय विद्यापीठात ही जबाबदारी डॉ. अंजिला गुप्ता यांनी सांभाळली. खैरागढच्या इंदिरा कला संगीत विद्यापीठाच्या सुरुवातीच्या काळात पंडित श्रीकृष्ण रातंजनकर कुलगुरू होते. पुढे तिथेच कथक शिकवणाऱ्या डॉ. मांडवी सिंह त्या पदावर आल्या आणि त्यांच्यानंतर २०२० मध्ये लोकगायिका पद्मश्री ममता चंद्राकर. काही नामांकित विद्यापीठांना हे जमायला जास्त वेळ लागला. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाला पहिली महिला कुलगुरू २०२२ मध्ये मिळाली, ती पुणे विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवलेल्या डॉ. शांतिश्री पंडित यांच्या रूपाने. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाला त्यासाठी २०२४ उजाडावे लागले. ऑक्सफर्डचे कुलगुरूपदही एका स्त्रीकडे आले ते २०१६ मध्येच.

म्हणजे दार बंद नाही. पण मोजक्या नावांवर समाधान मानले, तर दारापर्यंत येणारी वाट कुठे अरुंद होते हे कळणार नाही.

आकडे काय सांगतात

केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशात ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. त्यांत मुली २ कोटी ७ लाख, म्हणजे जवळजवळ निम्म्या. शिक्षकांमध्ये दर १०० पुरुषांमागे ७७ स्त्रिया होत्या. इथवर चित्र आशादायक आहे. मात्र हीच संख्या पदानुसार वेगळी करून पाहिली, की सहायक प्राध्यापकांत चांगल्या संख्येने असलेल्या स्त्रिया प्राध्यापकपदावर पुरुषांच्या निम्म्याहूनही कमी उरतात. गळती होते ती मधल्या टप्प्यावर, आणि कुलगुरूपदासाठी उमेदवार याच टप्प्यातून पुढे येतात.

पंधरा वर्षांचा हिशेब

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार कुलगुरूपदासाठी विद्यापीठात प्राध्यापक म्हणून किमान दहा वर्षांचा अनुभव लागतो, किंवा नामांकित संशोधन वा शैक्षणिक प्रशासनाच्या संस्थेतला तेवढाच अनुभव. प्राध्यापक होण्यासाठी कॅसच्या, म्हणजे स्थाननिश्चितीच्या, पायऱ्या चढाव्या लागतात. समजा एक मुलगी पीएच.डी. हातात घेऊन तिसाव्या वर्षी सहायक प्राध्यापक झाली. पहिली बढती चार वर्षांनी, दुसरी त्यानंतर पाच वर्षांनी, सहयोगी प्राध्यापक आणखी तीन वर्षांनी आणि प्राध्यापक पुन्हा तीन वर्षांनी. सगळे वेळेवर झाले, तर पंचेचाळिसाव्या वर्षी ती प्राध्यापक आणि पंचावन्नाव्या वर्षी कुलगुरूपदाला पात्र.

आता दुसरी मुलगी घ्या. तीही तिसाव्या वर्षीच लागली, पण फक्त नेट होऊन. पीएच.डी. करायची ठरवली तेव्हा मूल लहान होते. मग सासऱ्यांचे आजारपण आले आणि प्रबंध मागे पडत गेला. पीएच.डी. नसेल तर सहयोगी प्राध्यापक होता येत नाही. प्रबंध सत्तेचाळिसाव्या वर्षी पूर्ण झाला, तर ती प्राध्यापक होणार पन्नाशीत आणि कुलगुरूपदाला पात्र ठरणार साठीला. निवृत्तीचे वय पासष्ट आणि कुलगुरूंचा कार्यकाळ पाच वर्षांचा धरला, तर आपल्या विद्यापीठातली एखादीच जाहिरात तिच्या वाट्याला येईल. तिची बुद्धी कमी पडली नव्हती आणि कष्टही कमी पडले नव्हते. तीस ते पंचेचाळीस या वयात घराने तिच्याकडून जे मागितले, ते तिच्याच वयाच्या पुरुष सहकाऱ्याकडून मागितले नाही, एवढाच फरक.

या हिशेबात आणखी खाचखळगे आहेत. कॅससाठी ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर कोर्स लागतात. ते तीन-चार आठवडे दुसऱ्या शहरात राहून करावे लागत, तेव्हा लहान मूल असलेल्या प्राध्यापिका ते पुढे ढकलत राहिल्या आणि त्यांची स्थाननिश्चितीची तारीखही पुढे सरकत गेली. हे कोर्स आता ऑनलाइन करता येतात, ही मोठी सोय झाली. शासकीय महाविद्यालयात प्राचार्यपदाची बढती आली की बहुधा बदलीही येते. दुर्गमध्ये राहणाऱ्या बाईंच्या हातात बस्तर किंवा सरगुजाचा आदेश पडतो आणि घर, मुलांची बारावी, सासू-सासऱ्यांची औषधे या विचाराने त्या बढती नाकारतात. प्राचार्यपदाच्या अनुभवाचे मोल किती, हे सोलापूर विद्यापीठाच्या उदाहरणावरून कळते. २०१८ मध्ये तिथे कुलगुरू झालेल्या डॉ. मृणालिनी फडणवीस त्याआधी नागपूरच्या महाविद्यालयात प्राचार्य होत्या.

शिवाय छत्तीसगडमध्ये अतिथी व्याख्याता म्हणून आणि महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या कितीतरी स्त्रिया या शिडीच्या पहिल्या पायरीवरही पोहोचत नाहीत.

जुनी अडवणूक

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींना १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या अडून बसल्या तेव्हा प्रवेश मिळाला, पण अटींवर, आणि पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नव्हती. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. एवढ्या योग्यतेच्या शास्त्रज्ञ मुंबईच्या विज्ञान संस्थेत संचालकपदाच्या हक्कदार होत्या, तेव्हाही ते पद त्यांना वेळेवर मिळाले नाही. अंतर्गत राजकारणात त्यांची काही वर्षे गेली. प्रवेशाच्या वेळची अडवणूक सगळ्यांना दिसली आणि तिची गोष्ट आजही सांगितली जाते. बढतीच्या वेळची अडवणूक फायलीत होते, म्हणून तिची गोष्ट कुणी सांगत नाही.

स्त्री अधिकारपदावर आली की काय बदलते, याचे उदाहरणही मुंबईतलेच आहे. बालशल्यचिकित्सक डॉ. स्नेहलता देशमुख १९९५ ते २००० या काळात मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या. पदवी प्रमाणपत्रावर विद्यार्थ्याच्या आईचे नाव यावे, हा निर्णय त्यांच्याच कारकिर्दीत झाला. त्याआधी इतकी वर्षे तो झाला नव्हता.

उपाय नियमातच आहेत

अनेक प्राध्यापिकांना ठाऊक नसलेली एक तरतूद २०१८ च्या नियमांतच आहे. प्रसूती रजा, बालसंगोपन रजा यांसारख्या पगारी रजांचा काळ मूल्यमापनातून वगळायचा, उरलेल्या काळातल्या कामावरून पूर्ण काळाचा अंदाज धरायचा आणि रजेमुळे बढतीत नुकसान होऊ द्यायचे नाही, असे ती सांगते. पीएच.डी.च्या २०२२ च्या नियमांत स्त्रियांना प्रबंधासाठी दोन वर्षे जादा आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा मिळते. कॅसचा फॉर्म भरताना २०१८ च्या नियमांतल्या रजेच्या ओळी दाखवा आणि अंतर्गत गुणवत्ता कक्षाकडून त्यांची नोंद करून घ्या.

संस्थांनाही स्वतःकडे पाहावे लागेल. ब्रिटनमध्ये २००५ पासून ‘अथेना स्वान’ या उपक्रमात विद्यापीठे आपल्याकडच्या स्त्रियांची पदनिहाय मोजदाद करतात, त्रुटी लिहून काढतात आणि त्या दूर करण्याचा आराखडा मांडतात. त्याच धर्तीवर भारताच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये ‘गती’ हा प्रायोगिक उपक्रम ३० संस्थांत सुरू केला. तो राज्य विद्यापीठांपर्यंत आणि त्यांच्या महाविद्यालयांपर्यंत यायला हवा. प्रत्येक विद्यापीठाने दरवर्षी सहायक, सहयोगी, प्राध्यापक, प्राचार्य आणि अधिष्ठाता या पदांवरच्या स्त्रियांची संख्या जाहीर करावी. कॅसच्या फायलींना मुदत घालावी. कुलगुरू शोध समितीत स्त्री सदस्य असावी, आणि समितीने आलेल्या अर्जांवर न थांबता पात्र प्राध्यापिकांना स्वतःहून विचारावे.

राहिला घराचा प्रश्न, आणि तो प्रत्येक वाचकाच्या हातात आहे. मुलाच्या बढतीच्या बदलीचा आदेश आला की घर कामाला लागते. कोण सोबत जाईल, मुलांचे काय करायचे, आई-वडिलांकडे कोण पाहील, याची आखणी होते. सुनेच्या किंवा मुलीच्या हाती तसाच आदेश पडेल, तेव्हा तिला ‘नको म्हणून कळव’ असे सांगू नका. त्याच घराने त्याच तयारीने कामाला लागावे.