अर्धा एकर, दोन गायी आणि मे महिना

दुष्काळी भागात मे महिन्यात दावणीची गाय बाजारात जाते, ती बहुतेकदा चाऱ्यापायी. एका दुभत्या गायीला रोज साधारण 20 किलो हिरवा आणि 5-6 किलो सुका चारा लागतो. अर्ध्या कोरडवाहू एकरात तो बारा महिने उभा कसा राहणार?

म्हणून पावसाळ्यातच मुरघास करून ठेवा. मक्याचे दाणे चिकात आले की कापा, कुट्टी करा आणि जाड प्लास्टिकच्या बॅगेत थराथराने दाबून भरा. दाबण्यात आळस नको. लोणच्यासारखंच आहे हे, हवा राहिली की बुरशी आलीच. दीड-दोन महिन्यांत आंबूस वासाचा मुरघास तयार.

बांधावर शेवरी, सुबाभूळ लावा, शेळ्या खूश होतात. सुबाभूळ मात्र एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर नको, त्यातल्या मिमोसिनने केस गळतात.

आता जिवावरची गोष्ट. तुम्ही शहरात असाल तर गावी फोन करून सांगाच. पाण्याचा ताण बसलेली कोवळी ज्वारी किंवा कापणीनंतरचे फुटवे जनावराच्या तोंडी लागू देऊ नका. त्यात सायनाइडचं विष तयार होतं. जनावर धापा टाकू लागलं, तोंडाला फेस आला, तर घरगुती उपाय करत बसू नका. पशुवैद्यकाला ताबडतोब बोलवा. फुलोऱ्यानंतर तीच ज्वारी खुशाल घाला.